छुपा कॅमेरा, टू-वे मिरर आणि उजेडाचं गणित

दिवाळीची खरेदी सुरू झाली की आमच्या फॅमिली ग्रुपवर तो फॉरवर्ड हमखास येतो. ट्रायल रूममधल्या आरशावर नख टेकवा, नख आणि प्रतिबिंब यांच्यात फट दिसली तर आरसा साधा, फट नसेल तर ताबडतोब बाहेर पडा, मागे कॅमेरा आहे! खाली 'प्रत्येक माता-भगिनीपर्यंत पोचवा' आणि हात जोडलेले चार इमोजी. यावेळी मावशीने थेट मला टॅग केलं, तू सायन्सवाला ना, सांग बरं खरं काय ते. मी तिला दोन ओळींत उत्तर दिलं पण ते काही मनासारखं जमलं नाही, कारण या आरशाची गोष्ट नीट सांगायची तर टीव्हीवरच्या प्रँक शोपासून सुरुवात करावी लागते, आणि एवढं लांबलचक ग्रुपवर कोण वाचणार.

ज्यांनी पोगोवर 'जस्ट फॉर लाफ्स गॅग्ज' बघितलंय किंवा एमटीव्हीवर सायरस ब्रोचाचा 'बकरा' बघितलाय त्यांना वाटतं ही सगळी केबल टीव्हीच्या काळातली करामत. पण मूळ बरंच जुनं आहे. अ‍ॅलन फंट नावाचा एक अमेरिकन माणूस, दुसऱ्या महायुद्धात लष्कराच्या सिग्नल कोअरमध्ये, म्हणजे संदेशवहन विभागात होता, तिथे सैनिकांच्या तक्रारी रेकॉर्ड करताना त्याच्या लक्षात आलं की रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागला की माणसं एकदम ताठ होतात आणि पुस्तकी बोलायला लागतात, तेच माइक चालू आहे हे माहीत नसलं की मस्त मोकळं बोलतात. त्यातून १९४७ मध्ये एबीसी रेडिओवर 'कँडिड मायक्रोफोन' सुरू झालं, १९४८ मध्ये ते टीव्हीवर आलं आणि पुढच्या वर्षी त्याचं नाव झालं 'कँडिड कॅमेरा'. १९६० ते १९६७ या काळात सीबीएसवर तो शो तुफान चालला.

माइक लपवणं सोपं असतं हो. टेबलाखाली, फुलदाणीत, कुठेही. कॅमेऱ्याचं तसं नाही. त्याला समोरचं दिसलं पाहिजे, आणि कॅमेऱ्याला तुम्ही दिसता म्हणजे तुम्हालाही कॅमेरा दिसणार. त्यात तेव्हाचे कॅमेरे अवाढव्य, मागे उभा कॅमेरामन, फिल्म फिरल्याचा आवाज. मग हे धूड ठेवायचं कुठे, तर एक हुकमी जागा म्हणजे आरशामागे.

आणि इथेच तो मोठा गैरसमज येतो. बहुतेक लोकांना वाटतं की अशी एक स्पेशल काच मिळते जी एका बाजूने आरसा आणि दुसऱ्या बाजूने खिडकी. तशी काच नसते. म्हणजे दुकानात मिळत नाही एवढंच नाही, साध्या काचेवर साधं कोटिंग देऊन ती बनवताच येत नाही.

का ते बघू, हा माझा आवडता भाग आहे. साध्या आरशात काचेच्या मागच्या बाजूला चांदीचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा थर असतो आणि त्यावर रंग. धातूमध्ये मोकळे इलेक्ट्रॉन असतात, प्रकाशाची लहर आली की तिचं विद्युत क्षेत्र त्यांना हलवतं, हललेले इलेक्ट्रॉन स्वतः प्रकाश फेकतात, आणि हे सगळं मिळून बहुतेक प्रकाश मागे परततो. उरलेला धातूत शिरतो पण झपाट्याने विझतो. अ‍ॅल्युमिनियममध्ये दर सहा-सात नॅनोमीटरला त्याची तीव्रता साधारण एक तृतीयांशावर येते. (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.) म्हणजे थर शंभर नॅनोमीटरचा असेल तर पलीकडे काहीच पोचत नाही. पण तोच थर जेमतेम दहा नॅनोमीटरच्या आसपास ठेवला आणि मागचा रंग लावलाच नाही, तर थोडा प्रकाश आरपार जातो. झाला तुमचा टू-वे मिरर. याचं अमेरिकेतलं पहिलं पेटंट १९०३ चं आहे, आणि त्यात नाव काय दिलंय तर 'पारदर्शक आरसा', जे मला आजच्या नावापेक्षा जास्त प्रामाणिक वाटतं.

आता गंमत. या थरातून डावीकडून उजवीकडे जितके टक्के प्रकाश जातो, अगदी तितकेच टक्के उजवीकडून डावीकडे जातो. परावर्तन दोन्ही बाजूंनी थोडं वेगळं असू शकतं, पण आरपार जाणारा हिस्सा मात्र सारखाच. तसं नसतं तर एक बंद खोली मधोमध अशा काचेने विभागायची, दोन्हीकडे तापमान सारखं ठेवायचं आणि गप्प बसायचं, एक बाजू आपोआप तापत गेली असती, फुकट वीज! थर्मोडायनॅमिक्सचा दुसरा नियम (उष्णता आपोआप गारातून गरमाकडे जात नाही) हे होऊ देत नाही. (प्रकाशाला एकाच दिशेने सोडणारी उपकरणं लेझरच्या लॅबमध्ये असतात, पण त्यांना चुंबकीय क्षेत्र लागतं, ती ट्रायल रूममध्ये कोणी बसवत नाही.)

मग काच दोन्हीकडून सारखीच, तरी एकाला दिसतं आणि दुसऱ्याला नाही, हे कसं? तर उजेडामुळे. रात्री एसटीत खिडकीशी बसलात आणि आतला दिवा चालू असला तर काचेत आपलंच तोंड दिसतं, बाहेरचं शेत दिसत नाही, पण शेतात उभ्या माणसाला तुम्ही लख्ख दिसता. कंडक्टरने दिवा घालवला की लगेच बाहेरचं दिसायला लागतं. काच तीच.

थोडे आकडे घालू. समजा आपला आरसा ७० टक्के प्रकाश परत पाठवतो, २० टक्के आरपार सोडतो, १० टक्के गिळतो. ज्याला बकरा करायचाय त्याच्या खोलीत १००० एकक उजेड आणि कॅमेऱ्याच्या खोलीत फक्त १०. बकऱ्याच्या डोळ्यात स्वतःच्या प्रतिबिंबाचे ७०० एकक येतात आणि काचेमागून येणारे १० चे २० टक्के, म्हणजे २. आपल्या डोळ्याला उजेडातला फरक साधारण एक-दोन टक्के असला तरच कळतो, आणि ७०० मध्ये २ म्हणजे ०.३ टक्के, दिसणं शक्यच नाही. उलट कॅमेऱ्याकडे समोरून १००० चे २० टक्के म्हणजे २०० येतात आणि स्वतःच्या खोलीचं प्रतिबिंब फक्त ७. चित्र स्वच्छ.

आता कॅमेऱ्याच्या खोलीत कोणी शहाण्याने दिवा लावला आणि तिथला उजेड १०० झाला असं धरा. बकऱ्याकडे ७०० च्या जोडीला आता २० येतात, जवळजवळ तीन टक्के, म्हणजे बारकाईने बघणाऱ्याला आरशात एक पुसट सावली हलताना दिसणार. तिकडे कॅमेऱ्याच्या २०० मध्ये ७० एकक स्वतःचंच प्रतिबिंब मिसळणार, सगळं चित्र फिकट. म्हणून आरशामागे काळा पडदा, काळे कपडे, सिगरेट बंद. आणि पुढच्या खोलीत भगभगीत उजेड हवाच, एकतर आरसा काम करावा म्हणून, दुसरं म्हणजे तेव्हाच्या फिल्मला उजेड जास्त लागायचा आणि आरशाने आधीच पाचातले चार हिस्से खाल्लेले. फोटोग्राफीवाल्यांच्या भाषेत दोन स्टॉपपेक्षा जास्त नुकसान (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा).

ज्यांना आकडे जड गेले त्यांनी एवढंच धरा की आरसा लपवत नाही, अंधार लपवतो.

आणि खरं तर आरसाही लागत नाही. येल विद्यापीठात आर्नल्ड गेझेल लहान मुलांच्या वाढीचा अभ्यास करायचे, त्यांनी एक घुमट बांधला होता, आत मूल आणि भरपूर उजेड, बाहेर अंधारात निरीक्षक, आणि मध्ये चक्क बारीक तारेची जाळी, मुलाच्या बाजूने पांढरी रंगवलेली. पांढरा रंग उजेडात चमकतो, त्यामागचा अंधार दिसत नाही. जाळीवर भागलं!

फंटलाही ही काच टीव्हीत आल्यावर माहीत झाली असं नाही. तो कॉर्नेल विद्यापीठाचा विद्यार्थी, आणि तिथे कर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाच्या हाताखाली काचेमागून माणसांचं निरीक्षण करण्याचं काम आपण केलं असं तो सांगायचा. पुढे मानसशास्त्रज्ञांनी हे ऋण व्याजासकट वसूल केलं, फिलिप झिंबार्डोने तर 'कँडिड कॅमेरा'च्या क्लिप्सचा संच कॉलेजात शिकवण्यासाठी काढला.

त्यातली लिफ्टची क्लिप बघितली नसेल तर जरूर बघा, १९६२ ची. एक माणूस लिफ्टमध्ये शिरतो, मागोमाग शोची माणसं येतात आणि सगळी दाराकडे पाठ करून उभी राहतात. हा बिचारा आधी इकडे बघतो, तिकडे बघतो, घड्याळ बघण्याचं नाटक करतो आणि हळूहळू स्वतःही वळतो. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅशने १९५० च्या दशकात हेच प्रयोगशाळेत मोजलं होतं, समोर तीन रेघा, कुठली दिलेल्या रेघेइतकी लांब ते सांगायचं, उत्तर शेंबडं पोरही सांगेल, पण आधीचे सगळे ठरवून चुकीचं बोलायचे. अशा फेऱ्यांमधली साधारण ३७ टक्के उत्तरं गटाच्या मागे गेली, आणि चारातले तीन जण निदान एकदा तरी घसरले. हल्ली यावर 'मेंदूतला अमुक भाग पेटतो म्हणून माणूस मेंढरू होतो' असे व्हिडिओ येतात, ते जरा जपूनच बघा. एमआरआयमध्ये रंगीत डाग दिसणं वेगळं आणि कारण सापडणं वेगळं.

उलट्या दिशेचा किस्साही आहे. ३ फेब्रुवारी १९६९ ला फंट बायकोमुलांसोबत ईस्टर्न एअरलाइन्सच्या विमानाने मायामीला निघाला होता, ते विमान क्यूबाकडे पळवलं गेलं. प्रवाशांपैकी कोणीतरी फंटला ओळखलं आणि झालं, हा सगळा 'कँडिड कॅमेरा'च आहे अशी लोकांची खात्री पटली. तो जीव तोडून सांगतोय की अहो हे खरं आहे, आणि लोक हसतायत. विमान हवानाला उतरलं तेव्हा कुठे हसणं थांबलं.

बरं, नखाची टेस्ट राहिली. साध्या आरशात धातूचा थर काचेच्या मागे असतो, म्हणून नख आणि प्रतिबिंब यांच्यात काचेच्या जाडीमुळे फट दिसते. काच ४ मिमी असेल तर ८ मिमी दिसायला हवी, पण अपवर्तनामुळे समोरून बघताना ती ५.३ मिमी भासते. टू-वे मिररमध्ये थर पुष्कळदा पुढच्या बाजूला असतो, तेव्हा फट नाही. पण तीच काच उलटी बसवली की फट आली! म्हणजे फट दिसली म्हणून निर्धास्त होण्यात अर्थ नाही, आणि नाही दिसली म्हणून आरडाओरड करण्यातही नाही. त्यापेक्षा खोलीतला दिवा बंद करा, मोबाइलचा टॉर्च आरशाला अगदी चिकटवून लावा आणि शेजारी हाताचा आडोसा करून आत बघा. तुम्ही दोन खोल्यांचं गणितच उलटं केलंत, मागे खोली असेल तर दिसेल.

जाता जाता, 'हॉन्टेड हॉटेलच्या काचेत बाई दिसली' वाल्या रील्सनाही हेच लागू. अंधाराकडे उघडणारी खिडकी, मागे कुठेतरी दिवा, मधोमध तरंगणारा चेहरा. लंडनमध्ये जॉन हेन्री पेपर यांनी १८६२ मध्ये तिरपी काच आणि लपवलेला दिवा वापरून रंगमंचावर असं भूत काढलं होतं, तिकीट लावून. रात्री आरशात बघू नये म्हणणाऱ्यांना एवढं सांगावं की मंद उजेडात आरशात टक लावून बघितलं तर आपलाच चेहरा विचित्र दिसायला लागतो, यावर इटलीच्या जोव्हानी कापुतोंचा २०१० चा अभ्यास आहे, त्याला पिशाच लागत नाही.

आजच्या चोरट्या कॅमेऱ्याला मात्र आरशाची गरजच उरलेली नाही. सेन्सर इतके संवेदनशील झालेत की चार्जरमध्ये, घड्याळात, स्मोक डिटेक्टरमध्ये एक-दोन मिमीचं भोक पुरतं, आणि तिथे नख टेकवून काही कळणार नाही. खोलीत अंधार करून टॉर्च डोळ्यांजवळ धरून सावकाश फिरवला तर लेन्सवरून बारीक ठिपक्यासारखी चमक परत येते. अंधारात शूट करणाऱ्या कॅमेऱ्याचे डोळ्यांना न दिसणारे इन्फ्रारेड दिवे काही फोनच्या सेल्फी कॅमेऱ्यात जांभळट दिसतात, आधी टीव्हीच्या रिमोटवर तुमच्या फोनला ते दिसतात का तपासून घ्या. सापडलाच तर हात न लावता फोटो काढा आणि पोलिसांना बोलवा, भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ याच्यासाठीच आहे.