जागरणाने माणूस मरतो का?

निरोगी माणूस नुसता जागून जागून मेला, अशी खात्रीलायक वैद्यकीय नोंद सापडत नाही. प्राण्यांच्या बाबतीत मात्र झोप तोडली की मरण ओढवतं, हे सव्वाशे वर्षांपूर्वीच दिसून आलं आहे. आणि पिंपळगाव बसवंतहून टोमॅटोचे क्रेट भरून रात्री वाशीकडे निघालेल्या गाडीचा ड्रायव्हर झोपेपायी जीव गमावू शकतो, हे नाशिक जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. वरवर पाहता या तिन्ही गोष्टींचा मेळ बसत नाही. तो कसा बसतो हे समजून घेणं आपल्या भागात फार गरजेचं आहे, कारण इथला शेतमाल, इथले कारखाने आणि इथले रस्ते रात्रीच जास्त धावतात.

आधी प्राण्यांचं पाहू. १८९४ साली मारिया मानासेइना या रशियन संशोधिकेने कुत्र्याच्या पिल्लांना सतत जागं ठेवलं. खायला-प्यायला भरपूर असूनही चार-पाच दिवसांत ती दगावली. वाचतानाही पोटात कालवतं असा हा प्रयोग. पण झोप ही चैन नसून अन्नासारखीच गरज असावी, हे त्यातून पहिल्यांदा ठळकपणे पुढे आलं. पुढे १९८० च्या दशकात शिकागो विद्यापीठात अ‍ॅलन रेक्टशाफेन यांनी उंदरांवर जास्त काटेकोर प्रयोग केले. उथळ पाण्यावर एक तबकडी, तिच्यावर दोन उंदीर. त्यातल्या एकाला झोप लागू लागली की मेंदूच्या लहरींवरून यंत्राला कळायचं आणि तबकडी फिरायची. चालत राहायचं, नाहीतर पाण्यात पडायचं. दुसरा उंदीरही तितकाच चालायचा, पण पहिला जागा असताना त्याला झोपायला मिळायचं. पूर्ण झोप तोडलेले उंदीर ११ ते ३२ दिवसांत मेले. मरण्याआधी ते नेहमीपेक्षा जास्त खात होते, तरी रोडावत होते. पायांवर, शेपटीवर जखमा झाल्या, शेवटी अंगातली ऊब टिकेना. शवविच्छेदनात मात्र मरणाचं एकही ठोस कारण हाती लागलं नाही.

हे कोडं पुढे कित्येक वर्षं तसंच राहिलं. सगळे मेंदूत शोधत होते. २०२० मध्ये हार्वर्डच्या ड्रगाना रोगुल्या यांच्या गटाने फळमाश्यांना जागं ठेवून शरीराचा एकेक अवयव तपासला, तेव्हा बिघाड सापडला तो आतड्यात. तिथे ऑक्सिजनचे अतिक्रियाशील, पेशींना इजा करणारे रेणू साचत होते. जागवलेल्या माश्या निम्म्या आयुष्यातच मरत. पण हे रेणू निकामी करणारी द्रव्यं खाऊ घातली की झोपेविनाही त्या जवळपास पूर्ण आयुष्य जगल्या. पाठोपाठ २०२३ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी उंदरांमध्ये आणखी एक वाट दाखवली. झोप जवळजवळ पूर्ण तोडल्यावर मेंदूत तयार होणारं प्रोस्टाग्लँडिन डी-२ हे रसायन रक्तात उतरतं आणि प्रतिकारशक्ती इतकी भडकते की शरीर स्वतःवरच उलटतं. कोविडच्या काळात ‘सायटोकाइन स्टॉर्म’ हा शब्द आपण सगळ्यांनी ऐकला, तसाच हा प्रकार. बहुतेक उंदीर चार दिवसांत मेले.

एवढ्यावरून निकाल देऊन टाकावा असं वाटेल, पण थोडं थांबायला हवं. २०१९ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या गटाने हजारो फळमाश्यांच्या झोपेवर नजर ठेवली. काही माश्या दिवसाकाठी जेमतेम काही मिनिटं झोपत होत्या आणि धडधाकट होत्या. यंत्राने आयुष्यभर जागवलेल्या माश्यांचं आयुष्यही फारसं घटलं नाही. शिवाय जबरदस्तीने जागवणं म्हणजे प्राण्याला छळणंच. त्या ताणाचा वाटा किती आणि झोपेच्या अभावाचा किती, हे वेगळं काढणं अवघड आहे. तरी मला स्वतःला या सगळ्यातून एक गोष्ट महत्त्वाची वाटते. झोप म्हणजे मेंदूची विश्रांती, असं आपण धरून चालतो. पण आतडं, रक्त, प्रतिकारशक्ती यांचाही हिशेब झोपेशी बांधलेला आहे.

माणसावर असे प्रयोग करता येत नाहीत आणि करूही नयेत. जी उदाहरणं आहेत ती हौसेची. डिसेंबर १९६३ मध्ये अमेरिकेतल्या सॅन डिएगोचा रँडी गार्डनर हा १७ वर्षांचा मुलगा शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी जागायला बसला आणि २६४ तास, म्हणजे ११ दिवस जागला. झोपेचे अभ्यासक विल्यम डिमेंट शेवटचे काही दिवस त्याच्यासोबत होते. अकराव्या दिवशी त्याला शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितलं. ६५ पर्यंत येऊन तो गप्प झाला. का थांबलास विचारल्यावर म्हणाला, आपण काय करत होतो तेच आठवत नाही. त्यानंतर तो १४ तासांहून जास्त झोपला आणि उठला तो बराचसा पूर्ववत होऊन. उतारवयात त्याला तीव्र निद्रानाश जडला असं त्याने सांगितलं आहे, पण दोन्हींचा संबंध सिद्ध करता येत नाही. गिनीज बुकाने हा विक्रम नोंदवणंच नंतर बंद केलं आणि ते योग्यच झालं.

झोपेविना मृत्यूचं उदाहरण म्हणून एका दुर्मीळ आनुवंशिक आजाराचं नाव नेहमी घेतलं जातं. ‘फेटल फॅमिलियल इन्सोम्निया’. इटलीतल्या एका घराण्याच्या अभ्यासातून एलिओ लुगारेसी आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये त्याचं वर्णन केलं. प्रिऑन नावाचं प्रथिन चुकीच्या घडीत बसतं, मेंदूतला थॅलॅमस हा भाग नासत जातो, झोप उडते आणि बहुधा वर्ष-दोन वर्षांत मृत्यू येतो. पण इथे मेंदूच नष्ट होत असतो. झोप जाणं हे त्याचं एक लक्षण. चार रात्री डोळ्याला डोळा लागला नाही म्हणून इंटरनेटवर हे नाव वाचून कुणी घाबरू नये.

मग धडधाकट माणूस जागून का मरत नाही? कारण त्याला तितकं जागताच येत नाही. जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साचत जातं आणि झोपेची ओढ वाढवतं. चहा-कॉफीतलं कॅफीन अ‍ॅडेनोसिनची जागा अडवून बसतं, एसटीत रुमाल टाकून सीट धरावी तसं. अ‍ॅडेनोसिन मात्र कुठे जात नाही. कॅफीन उतरलं की ते दुप्पट जोराने जाणवतं. ओढ एका मर्यादेपलीकडे गेली की मेंदू आपली परवानगी विचारत नाही. काही सेकंदांसाठी तो स्वतःच झोपतो. याला मायक्रोस्लीप म्हणतात. कधी डोळे उघडे असतात, हात स्टिअरिंगवर असतात, तरी समोरचं काही मेंदूत पोचत नाही. २०११ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या प्रयोगात तर असं दिसलं, की फार वेळ जागलेल्या उंदरांच्या मेंदूतले काही पेशीसमूह उंदीर जागा असतानाच झोपल्यासारखे बंद पडतात आणि नेमकी तेव्हा त्यांची चूक होते.

शरीराला वाचवण्यासाठी असलेली ही सोय अंथरुणावर जीव राखते आणि कसारा घाटात जीव घेते. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर जाते. चार सेकंदांची डुलकी म्हणजे ६५ मीटरहून जास्त अंतर, ड्रायव्हरशिवाय.

किती जागरण झालं की धोका सुरू होतो? १९९७ मध्ये ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड यांनी ऑस्ट्रेलियात मोजलं, की सलग १७ तास जागल्यावर माणसाच्या हातून होणाऱ्या चुका रक्तात ०.०५ टक्के मद्य असताना होतात तेवढ्या असतात, आणि २४ तासांनंतर ०.१० टक्क्यांइतक्या. आपल्या मोटार वाहन कायद्यातली मर्यादा आहे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. आता असं पाहा. सकाळी सहाला उठून घरच्यांसोबत टोमॅटो तोडणारा मुलगा संध्याकाळी लिलाव, मग माल भरणं असं सगळं उरकून रात्री अकराला गाडी सुरू करतो. त्याचे १७ तास पिंपळगावातच भरलेले असतात. त्याने थेंबभरही घेतलेली नसते, आणि पहाटे दोन ते पाच, म्हणजे शरीराचं घड्याळच झोपेचा आग्रह धरतं ती वेळ, अजून पुढे असते.

दारू तपासायचं यंत्र पोलिसांकडे आहे. झोप तपासायचं नाही. अपघातानंतर रक्तातून थकवा सिद्ध होत नाही, ड्रायव्हर वाचला तरी डुलकी लागली हे बहुधा कबूल करत नाही आणि कागदावर कारण येतं ‘भरधाव वेग’. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली किती झोपेने नेली, ते आपल्या सरकारी तक्त्यांतून नीट कळत नाही. माझ्या मते ही फार मोठी उणीव आहे, कारण जे मोजलं जात नाही त्यासाठी कुणी पैसाही खर्च करत नाही. मोटार ट्रान्सपोर्ट कामगार कायद्याने १९६१ मध्येच दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली. स्वतःची पिकअप स्वतः चालवणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलाला तिचा काय उपयोग?

“आपल्याला सवय आहे”, हे वाक्य ड्रायव्हरांच्या तोंडून जितकं ऐकू येतं, तितकंच सातपूर-अंबडच्या कारखान्यांत रातपाळी करणाऱ्यांच्या आणि थ्री-फेज वीज रात्रीच येते म्हणून पाणी भरायला जाणाऱ्या शेतकऱ्यांच्या तोंडूनही. २००३ मध्ये अमेरिकेत हान्स व्हॅन डोंगेन यांच्या गटाने हीच सवय तपासली. दोन आठवडे रोज सहा तासच झोपलेल्या लोकांची सावधानता एक पूर्ण रात्र अजिबात न झोपलेल्यांच्या पातळीच्या जवळ घसरली. त्यांना स्वतःला मात्र फारशी झोप येतेय असं वाटतच नव्हतं. सवय होते ती पेंगुळल्यासारखं वाटण्याची. चुका तेवढ्याच होत राहतात.

कमी झोपेचे सावकाश होणारे परिणाम वेगळे: रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार यांचा वाढता धोका. रातपाळीच्या कामाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकलं. खूप घोरणाऱ्या, झोपेत श्वास अडकणाऱ्या ड्रायव्हरने तर स्लीप अ‍ॅप्नियाची तपासणी करून घ्यायलाच हवी, कारण आठ तास पडूनही त्याची झोप पुरी झालेली नसते.

रस्त्यावर असताना काय करायचं, तर काच खाली करणं, मोठ्याने गाणी लावणं, तंबाखू मळणं यांनी फार तर काही मिनिटं निभतात. गेले दोन-तीन किलोमीटर कसे गेले ते आठवत नसेल, गाडी पट्टा सोडून सरकत असेल, मान झुकून एकदम दचकायला होत असेल, तर मायक्रोस्लीप सुरू झालेली आहे. अशा वेळी घाट उतरण्याआधी, घोटी-इगतपुरीच्या पट्ट्यात उजेडाच्या, सुरक्षित जागी गाडी बाजूला घ्यावी. समृद्धीने जाणाऱ्याने तर जास्तच जपावं; सरळसोट, वळणं नसलेला रस्ता पेंगेला पोषकच असतो. थांबल्यावर आधी कडक कॉफी किंवा चहा घ्यावा आणि लगेच पंधरा-वीस मिनिटांचा गजर लावून आडवं व्हावं. कॅफीनचा असर चढायला साधारण अर्धा तास लागतो, तोवर डुलकीने अ‍ॅडेनोसिन थोडं ओसरलेलं असतं आणि दोन्हींचा फायदा एकत्र मिळतो. उठल्या उठल्या मात्र किल्ली फिरवू नये. डोकं जड असतं, ते हलकं व्हायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. तेवढ्यात तोंड धुवावं, टायर आणि दोरखंड तपासावेत, वाशीच्या व्यापाऱ्याला उशीर होईल म्हणून फोन करून ठेवावा. एवढं करूनही तास-दीड तासाचीच उसंत मिळते. पुढे पुन्हा पेंग आली, तर खरी झोप काढल्याशिवाय किंवा स्टिअरिंग दुसऱ्या ड्रायव्हरच्या हाती दिल्याशिवाय इलाज नाही.