मैदानातली टाळी कुठून येते? खानदेशातल्या राजकीय भाषणांची पार्श्वभूमी

निवडणूक लागली की खानदेशात एक दृश्य हमखास दिसतं. मुंबईहून किंवा दिल्लीहून आलेला नेता माइकसमोर उभा राहतो आणि पहिली दोन वाक्यं अहिराणीत बोलतो. ‘कसा शेतस तुम्ही?’ एवढं ऐकलं की मैदानातून शिट्टी येते. पुढचं भाषण मराठीत किंवा हिंदीत होतं. वाक्य पाठ करून आणलंय हे लोकांना कळतं, तरी ते दाद देतात. पाहुण्याने दाराशी चपला काढल्या, एवढा मान त्यात असतो. हेच वाक्य रावेर-यावलकडे मात्र तितकं लागत नाही, कारण तिथे घरोघर लेवा बोली आहे. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात भिली आणि पावरी. खानदेश म्हणजे अहिराणी एवढंच धरून आलेल्या वक्त्याची गाडी पहिल्याच वाक्याला अडखळते.

लोकांना पटवण्याची ही कला इथे कशी वाढली, ते पाहायचं तर व्यासपीठाच्या आधी देवळाचा ओटा पाहावा लागतो. सभा आणि भाषण हे प्रकार इंग्रजी अमदानीत रुजले. ऐकण्याची सवय त्याच्या कितीतरी आधीची. कीर्तनकार पूर्वरंगात एक अभंग घेऊन निरूपण करतो, उत्तररंगात आख्यान सांगतो आणि मध्ये मध्ये श्रोत्यांकडून नामघोष करून घेतो. वहीगायनात, म्हणजे गटाने गाण्याच्या इथल्या लोकप्रकारात, एक जण ओळ टाकतो, बाकीचे ती उचलतात. अर्धं वाक्य बोलून थांबायचं आणि उरलेलं मैदानाकडून म्हणवून घ्यायचं, ही आजच्या पुढाऱ्याची लकब मला तरी थेट तिथलीच वाटते. आपल्या तोंडून निघालेलं वाक्य माणसाला परकं वाटत नाही. अ‍ॅरिस्टॉटलने वक्त्याची पत, श्रोत्यांची मनःस्थिती आणि युक्तिवाद अशी पटवण्याची तीन साधनं सांगितली. आपल्याकडच्या कीर्तनकाराने ती न वाचताही रोज वापरली आहेत.

या मातीतल्या वक्तृत्वाचा सगळ्यात मोठा प्रसंग घडला तो तुरुंगात. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे गीतेवर बोलले. 21 फेब्रुवारीपासून 19 जूनपर्यंत दर रविवारी एक, अशी अठरा प्रवचनं. समोर सविनय कायदेभंगात पकडलेले सत्याग्रही. त्यांतच अमळनेरच्या शाळेतली मास्तरकी सोडून चळवळीत उतरलेले साने गुरुजी होते. विनोबा बोलत गेले आणि गुरुजींनी ते उतरवून घेतलं, म्हणून आज ते आपल्याला वाचता येतं.

पहिल्याच प्रवचनात विनोबा गीतेशी असलेलं आपलं नातं तर्कापलीकडचं असल्याचं सांगतात. शरीर आईच्या दुधावर जेवढं पोसलं, त्याहून जास्त आपलं हृदय आणि बुद्धी गीतेवर पोसली, असं ते म्हणतात. विद्वत्तेचा धाक घालून सुरुवात करणं त्यांना सहज जमलं असतं. त्यांनी आई आणली. त्या एका उपमेने बोलणारा आणि ऐकणारे एका चुलीपाशी येऊन बसले. पुढचे दाखलेही घरातले, शेतातले, रोजच्या कामातले. ही प्रवचनं मतं मागण्यासाठी नव्हती, तरी मी त्यांना राजकीय भाषणच मानतो. घरदार सोडून आलेल्या माणसाला आपण इथे का आहोत, याचं उत्तर त्यांतून मिळत होतं.

चार वर्षांनी, डिसेंबर 1936 मध्ये, खानदेशातल्याच फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन. चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या साध्या, स्थानिक सामानातून मंडप आणि कमानी उभारल्या. गांधीजींचा आग्रहच तसा होता. शब्दांइतकं जागाही बोलते, हे फैजपूरने दाखवलं. तोवर अधिवेशनं शहरांत व्हायची आणि शेतकऱ्याने तिकडे जायचं. इथे काँग्रेस त्याच्या शिवारात आली होती, आणि हे सांगायला वेगळ्या भाषणाची गरज नव्हती.

अध्यक्ष जवाहरलाल नेहरूंच्या भाषणात स्पेनचं युद्ध होतं, फॅसिझम होता, इंग्रजांच्या 1935 च्या भारत सरकार कायद्याला विरोध होता आणि घटना समितीची मागणी होती. कापसा-केळीच्या मुलखात स्पेन कशाला, असं कुणालाही वाटेल. पण त्याच अधिवेशनाने शेतीचा कार्यक्रम मंजूर केला: सारा आणि खंड कमी करा, कर्जाचं ओझं हलकं करा, शेतमजुराला पुरेशी मजुरी द्या. लांबचं आणि जवळचं अशी ती जोडणी होती. तुझ्या सावकाराचा प्रश्न जगाच्या प्रश्नाला बांधलेला आहे, असं ऐकलेला माणूस थोडा ताठ उभा राहतो. पुढच्या दोनेक महिन्यांतल्या निवडणुकीत मुंबई इलाख्यात काँग्रेसला 175 पैकी 86 जागा मिळाल्या. एका अधिवेशनाला त्याचं सगळं श्रेय देता येणार नाही. पण प्रचाराला निघालेल्या कार्यकर्त्याच्या हातात सांगण्यासारखं काहीतरी पडलं होतं.

नंदुरबारची गोष्ट दोन ओळींची आहे, पण ती वगळवत नाही. 9 सप्टेंबर 1942 च्या मिरवणुकीत पोरं घोषणा देत होती, ‘नहीं नमशे, नहीं नमशे, निशाण भूमी भारतनुं’. गोळीबारात शिरीषकुमार मेहता आणि त्याचे सोबती गेले. शिरीषकुमार तेव्हा पंधरा वर्षांचा होता. घोषणा गुजराती, पण अहिराणी कानाला ती परकी नाही. शिरीषकुमारच्या घरात बोलायची ती भाषा घेऊन पोरांनी ‘झुकणार नाही’ म्हटलं.

स्वातंत्र्यानंतर याच पट्ट्यात दोन अगदी वेगळ्या तऱ्हा ऐकू आल्या. शहाद्याकडे भिल्ल कार्यकर्ते अंबरसिंग सुरतवंती यांनी आदिवासींना जमवलं ते भजनातून. त्याआधी आदिवासी संत गुला महाराजांच्या आरतीला हजारो भिल्ल जमत आणि दारू सोडण्याची शपथ घेत. ती वाट लोकांना ठाऊक होती. गेलेली जमीन आणि सालदाराची गुलामी हे विषय त्या वाटेने आले, आणि 1972 च्या सुरुवातीला शहाद्यात भूमुक्ती मेळावा भरला. ज्यांना सभेत बोलायचा सराव नव्हता, ते भजनात मात्र गात होते. पुढे दारूविरुद्ध उभ्या राहिलेल्या बायकांचा आवाजही इथूनच आला.

दुसरी तऱ्हा शेतकरी संघटनेच्या शरद जोशींची. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणा सगळ्यांना आठवते, पण त्यांचं खरं हत्यार हिशेब होतं. बियाणं किती, खत किती, मजुरी किती, हातात काय आलं, असं मांडत गेलं की शेवटची वजाबाकी शेतकरी स्वतःच मनात करी. एकाधिकार खरेदीच्या, म्हणजे कापूस फक्त सरकारी योजनेलाच विकायच्या, काळात खानदेशातल्या कापूसवाल्याला तर हे जास्तच झोंबायचं. गुजरात आणि मध्य प्रदेशची हद्द हाकेवर, पण तिकडे भाव चढा असला तरी माल नेता येत नव्हता. तोटा हा आपल्या नशिबाचा नसून धोरणाचा आहे, हे त्याला आकड्यांनी पटलं. भावनेला हात घालणारे वक्ते पुष्कळ झाले. माणसाच्या आकडेमोडीवर एवढा विश्वास टाकणारे थोडे, आणि म्हणून मला ती तऱ्हा जास्त मोलाची वाटते.

आजच्या सभेत या सगळ्याचे तुकडे सापडतात: अहिराणी सलामी, अर्धं सोडलेलं वाक्य, आई, एखादा आकडा. भर पडली आहे ती आश्वासनाच्या पुनरुक्तीची. अमळनेर तालुक्यातल्या पाडळसे धरणाचं काम नव्वदच्या दशकापासून रखडत आलं, आणि प्रत्येक निवडणुकीत त्याचं नाव व्यासपीठावरून घेतलं गेलं. मनमाड-इंदूर रेल्वेचंही तेच. धुळ्यात दोन पिढ्यांनी तिच्यावरची भाषणं ऐकली. सप्टेंबर 2024 मध्ये 309 किलोमीटरच्या या मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. आता तिथल्या सभेत रेल्वेचं नाव निघालं की मागे उभी असलेली माणसं टाळीआधी शेजाऱ्याला विचारतात, आपल्या गावाजवळची मोजणी झाली का?