वॉशिंग मशीनच्या ड्रेन पाईपची गळती

कपडे धुतलेलं पाणी मशीनमधून बाहेर नेणारा लवचिक पाईप जिथे मशीनला बसतो किंवा पुढे जिथे ड्रेनेजला मिळतो तिथून पाणी येणं म्हणजे ही गळती. फ्लॅटमध्ये मशीन बहुतेक ड्राय बाल्कनीत नाहीतर बाथरूममध्ये असतं, त्यामुळे आपल्याला दिसायच्या आधी खालच्या मजल्याच्या छताला ओल दिसते आणि मग धावपळ सुरू होते. दुरुस्ती बऱ्याचदा घरीच जमते, फक्त पाणी नक्की कुठून आणि केव्हा येतंय हे आधी बघायला हवं, आणि लोक नेमकं तेच सोडून सरळ टेप गुंडाळायला घेतात.

मशीनमध्ये पाणी भरत असताना गळत असेल तर दोष नळाकडच्या इनलेट पाईपचा असू शकतो, पाणी सोडताना गळलं तर ड्रेनचा. जमीन कोरडी पुसून मशीनच्या मागे आणि पाईपच्या तोंडाशी जुनं वर्तमानपत्र पसरायचं, एकदा ड्रेन चालवायचं, जो कागद आधी भिजेल तिकडे बघायचं.

सगळ्यात जास्त वेळा सापडतं ते असं की पाईप धडधाकट आहे पण पुढची लाईन पाणी घेत नाहीये. कपड्यांचे धागे, केस आणि जास्त पावडरीचा राप नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे जमिनीतल्या जाळीखालच्या पाणी जायच्या भांड्यात, साठतो, वरून झुरळांसाठी बसवलेली बारीक जाळी असेल तर ती धाग्यांनी पार भरून जाते, आणि पंपवालं मशीन पाणी जोरात फेकतं तेव्हा ते उलट वर येतं. इथे एमसील लावून काहीच होत नाही, जाळी काढा, ट्रॅपमधला गाळ हाताने काढा, पाईपसाठी भोक असलेली जाळी हार्डवेअरच्या दुकानात मिळते ती बसवा.

फ्रंट लोडला पंप असतो, त्यामुळे पाईपचं टोक साधारण ६० ते १०० सेंटीमीटर उंचीवर ठेवायला सांगतात (आपल्या मॉडेलचं पुस्तक बघा) आणि ड्रेनेजच्या उभ्या पाईपात ते थोडंच आत सोडून बाहेरून बांधायचं म्हणजे धक्क्याने निसटत नाही. दोन्ही पाईपांमधली फट गळती थांबवायला म्हणून पूर्ण बुजवू नये, हवा जायला जागा राहिली नाही तर मशीनमधलं पाणी आपोआप बाहेर खेचलं जातं आणि मशीन भरतच राहतं. बऱ्याच सेमी ऑटोमॅटिकमध्ये मात्र पाणी उताराने जातं, तिथे पाईप जमिनीवरच हवा, वर अडकवला तर टबमध्ये पाणी राहतं.

पाईपच खराब असेल तर आधी प्लग काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही कारण खाली पाणी साचलेलं असतं, मग नळ बंद करून पाईप बादलीत खाली सोडून उरलेलं पाणी काढायचं. मशीनकडची क्लिप सैल झाली असेल तर स्क्रूवाली स्टीलची क्लिप लावा पण फार आवळू नका, आतलं प्लॅस्टिकचं तोंड तडकतं. वळ्यावळ्यांचा पाईप मधे फुटला किंवा उंदराने कुरतडला असेल तर सरळ नवीन घ्या, त्या वळ्यांवर क्लिप नीट बसत नाही आणि टेप ओल्या प्लॅस्टिकवर टिकत नाही. टेफलॉन टेप आट्यांसाठी असते, इथे तिचं काम नाही. नवीन पाईपचं रबरी तोंड कडक लागलं तर गरम पाण्यात थोडा वेळ बुडवलं की सहज चढतं.

नंतर टब पूर्ण भरून पाणी सोडून बघायचं, थोड्या पाण्यावर गळती कळत नाही, आणि स्पिनही चालवायचं कारण त्या हादऱ्यानेच क्लिप सरकते. एवढं करूनही पाणी मशीनच्या पोटाखालून येत असेल तर पंप किंवा आतला रबरी पाईप गेलेला असू शकतो, तिथे मेकॅनिकलाच बोलवा.