भारत स्टेज ६ (बीएस-६)

वाहनांच्या धुरातील प्रदूषकांवर मर्यादा घालणारे भारतातील मानक. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू. ते युरोपीय संघाच्या युरो ६ मानकावर बेतलेले आहे. बीएस-४ नंतरची पाचवी पायरी गाळून थेट सहावी गाठण्याचा निर्णय केंद्र सरकारने जानेवारी २०१६ मध्ये जाहीर केला.

विकसनशील देशांत अशा मानकांचे घोडे पेंड खाते ते बहुधा इंधनापाशी. डिझेलमधल्या गंधकाने धूर शुद्ध करणारे उत्प्रेरक निकामी होतात, त्यामुळे गाड्यांच्या आधी तेलशुद्धीकरण कारखाने सुधारावे लागतात. बीएस-३ डिझेलमध्ये दर दशलक्ष भागांत गंधकाचे ३५० भाग चालत. बीएस-४ मध्ये ही मर्यादा ५० झाली, बीएस-६ मध्ये १०.

शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकर यांच्या समितीने २००२ मध्ये आखलेल्या वाहन-इंधन धोरणात मोठी शहरे आधी आणि बाकीचा देश नंतर, असे टप्पे होते. शहरांना त्याचा लाभ झाला, पण मालट्रक एका शहरात थांबत नाही. मुंबईत चांगले डिझेल असले तरी तो टाकी भरतो वाटेतल्या पंपावर. बीएस-४ ची ही दुहेरी व्यवस्था २०१० पासून २०१७ पर्यंत चालली. बीएस-६ चे खरे यश सगळ्या देशासाठी एकच तारीख ठरवण्यात आहे. दिल्लीला तेवढे हे इंधन एप्रिल २०१८ मध्येच मिळाले. ३१ मार्च २०२० नंतर बीएस-४ वाहने विकता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये बजावल्याने मुदतवाढीची आशाही मावळली.

डिझेल मोटारींसाठी नायट्रोजन ऑक्साइडांची मर्यादा किलोमीटरला ०.२५ ग्रॅमवरून ०.०८ ग्रॅमवर आली. काजळी अडवायला डीपीएफ ही गाळणी बसते. साचलेली काजळी ती जाळून टाकते, पण त्यासाठी धूर पुरेसा तापावा लागतो. रोज ट्रॅफिकमध्ये रखडणाऱ्या गाडीत ती तुंबते, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि गाडी हायवेवर काही वेळ सलग पळवावी लागते. ट्रकमध्ये ३२.५ टक्के युरियाचे द्रावण, म्हणजे डीईएफ, धुरात फवारतात. त्याने नायट्रोजन ऑक्साइडांचे नायट्रोजन आणि पाणी होते. दुचाकींतला कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आले.

एप्रिल २०२३ पासून नव्या मोटारींना प्रत्यक्ष रस्त्यावरच्या चाचणीतही मर्यादा पाळाव्या लागतात. वापरातल्या गाड्यांची तपासणी मात्र फारच तोकडी आहे: पीयूसी केंद्रावर डिझेल गाडीच्या धुराची फक्त घनता पाहतात, नायट्रोजन ऑक्साइड मोजतच नाहीत.