वृक्षारोहण

वृक्षारोहण : दोर, हार्नेस (कमरेला व मांड्यांना बांधायचा पट्टा) आणि गाठी यांच्या आधाराने उंच झाडावर चढण्याचे, तिथे राहून छाटणी करण्याचे किंवा नुसतेच बसून येण्याचे तंत्र. (छापताना या शब्दाचे हमखास ‘वृक्षारोपण’ होते, या नोंदीतले झाड आधीच उभे आहे.)

झाडावर चढणे विदर्भाला नवे नाही. सूरपारंब्यांचा खेळ इकडे डाबडुबली म्हणून खेळला जातो आणि शेवग्यावर चढू नये, ही तंबी पोरांना न शिकवता माहीत असते. नागपुरात फांद्या तोडणारे लोकही कोयता किंवा कुऱ्हाड घेऊन उघड्या पायांनी सरसर वर जातात. त्यांच्या चपळाईत काही उणे नाही. उणा असतो तो दुसरा दोर : फांदीला बांधलेला एक, पण माणसाला बांधलेला एकही नाही.

नव्या पद्धतीत आधी माणूस नव्हे, दोर वर जातो. शिसे किंवा छर्रे भरलेली पाव ते अर्धा किलोची थैली बारीक दोरीला बांधून मजबूत बेचक्यातून फेकतात आणि त्या दोरीने ११ ते १३ मिलिमीटर जाडीचा चढाईचा दोर ओढून घेतात. दुहेरी दोराच्या पद्धतीत दोर फांदीवरून दुमडून त्याचे दोन्ही पदर खाली येतात आणि दोन मीटर दोर ओढला की माणूस एक मीटर वर सरकतो. वजन मात्र निम्मेच पेलावे लागते. एकेरी दोरावर, म्हणजे न सरकणाऱ्या एकाच पदरावर, चाल झपाट्याची, पण वजन पूर्ण पेलावे लागते. ताण पडला की आवळणारी आणि हाताने सरकवता येणारी घर्षणगाठ हा या विद्येचा कणा. त्यातली सर्वांत ओळखीची प्रुसिक गाठ ऑस्ट्रियन गिर्यारोहक कार्ल प्रुसिक याच्या नावाने १९३१ पासून प्रसिद्ध आहे. टोकदार लोखंडी काटे पायाला बांधून चढायचे ते फक्त तोडायच्या झाडावर. जिवंत सालीवर त्यांची प्रत्येक खूण जखम होऊन राहते.

खरी परीक्षा फांदी उतरवताना होते. खाली घर, कंपाउंड किंवा महावितरणच्या तारा असतील तर फांदी पाडता येत नाही, दोरावर झेलून सोडावी लागते. ओल्या लाकडाचे वजन बघणाऱ्याला फसवते : ३० सेंटिमीटर जाडीचा दोन मीटरचा ओंडका १३० ते १४० किलोंच्या घरात जातो. तो वरच्या कप्पीवरून नुसता स्थिर लटकवला तरी कप्पीवर जवळजवळ दुप्पट भार येतो, कारण एका बाजूला ओंडका ओढतो आणि दुसऱ्या बाजूला त्याला धरणारा दोर. ओंडका थोडा खाली पडून एकदम अडला, तर हिसक्याने हा भार कित्येक पट वाढतो. म्हणून बुंध्याशी बांधलेल्या लोखंडी नळकांड्यावर दोराचे वेढे घेतात आणि खालचा माणूस दोर अडवत नाही, हळूहळू सोडत नेतो. वर करवत चालवणाऱ्याचा जीव या खालच्या माणसाच्या हातात असतो, हे नवख्यांना उशिरा कळते.

या कामाचे चित्रीकरण करून एकमेकांना दाखवण्याची चाल जगभरच्या वृक्षतज्ज्ञांमध्ये आहे. कप्पी कुठे बांधली, काप आधी कोणत्या बाजूने घेतला, दोर किती सोडला, हे चित्रफीत थांबवून पाहता येते. दोरावरचा ताण मात्र तीत दिसत नाही. खोड किती हलले, त्यावरून तो ताडावा लागतो; केवळ चित्रफिती पाहून मोठा ओंडका उतरवायला जाणे वेडेपणाचे आहे.

नागपूरचा उन्हाळा ४५ अंशांवर जातो, त्यामुळे चढाईला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस बरे. पण कामाची मागणी नेमकी मे-जूनच्या वादळात निघते, आडव्या झालेल्या गुलमोहरांपायी. गुलमोहराचे लाकूड ठिसूळ असते, कडुनिंब आणि चिंच त्या मानाने भरवशाचे. तरी झाडाची जात पाहून भागत नाही. सिमेंट रस्त्यांलगतच्या झाडाच्या बुंध्याशी, मुळांशी कुजट जागा आहे का, हे चढण्याआधी ठोकून-चाचपून पाहावे लागते. वर आग्या मोहोळ असेल तर त्या दिवशी चढाई नाहीच.

शहरातल्या झाडांना महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू आहे. तोडीसाठी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्ष म्हटले गेले.

हौसेखातर चढणाऱ्यांची पहिली संघटित शाळा पीटर जेन्किन्स याने १९८३ मध्ये अमेरिकेत अटलांटा येथे काढली. व्यावसायिकांच्या स्पर्धा त्याआधीच, १९७६ पासून, सेंट लुईस येथे सुरू झाल्या होत्या. हौशी चढाईत करवत नसते. दोर सालीवर घासू नये म्हणून त्याखाली कातडी किंवा कापडी पट्टा घालतात, वर हॅमॉक (टांगती झोळी) बांधून तासभर पडून राहतात. नागपुरात जानेवारीत अशी चढाई करणाऱ्याने कात्री जवळ ठेवावी : संक्रांतीच्या पतंगांचा नायलॉन मांजा २०१७ च्या बंदीनंतरही शेंड्यांत गुंतलेला सापडतो आणि तो कापून पिशवीत भरून खाली आणावा लागतो, कारण वाऱ्यावर सोडला तर पुढच्या झाडात अडकतो.