बँकॉकमध्ये जेवायचं कुठे? आमच्या सहल-ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या बँकॉक सहलीच्या दरात हॉटेलातली न्याहारी धरलेली आहे. दुपारचं आणि रात्रीचं जेवण धरलेलं नाही. नोंदणी करताना बरेच जण विचारतात, ‘जेवण का नाही? इथे काही कात्री लावली आहे का?’ तसं नाही. जेवण धरलं की सगळ्यांना एकाच ठरलेल्या हॉटेलात न्यावं लागतं. बसमधून उतरा, बुफे आटपा, परत बसमध्ये बसा. ताटात काय, तर पनीर, पिवळी डाळ आणि कुठेही मिळतील असे नूडल्स. त्याचे जेवढे पैसे तुमच्याकडून घ्यावे लागतील, तेवढ्यात बँकॉकच्या साध्या गल्लीत एक माणूस दीड-दोन दिवस पोटभर जेवतो.

साध्या दुकानात भात आणि त्यावर दोन भाज्या-रस्से ५० ते ७० बाटना मिळतात, नूडल्सचा वाडगाही तेवढ्यालाच. एक बाट पावणेतीन रुपयांच्या आसपास धरा. पर्यटकांच्या रस्त्यावर, म्हणजे खाओ सान रोड किंवा सुखुमवितच्या नाना ते असोक पट्ट्यात, तेच ताट सहज दुपटीला जातं आणि चवही परदेशी जिभेच्या बेताची केलेली असते. दारात उभं राहून हाताला धरून आत बोलावणारा माणूस आणि पाच भाषांतलं फोटोंचं मेन्यूकार्ड दिसलं की खुशाल पुढे चालू लागा.

दुकान ओळखायचं कसं

आधी गिऱ्हाईक बघा. गळ्यात ओळखपत्र अडकवलेले ऑफिसचे लोक, नर्सेस, गणवेशातली कॉलेजची मुलं दिसली की तिथे दर चढा असूच शकत नाही. ही मंडळी रोज येणारी असतात. म्हणून रेस्टॉरंट शोधण्यापेक्षा सरकारी कार्यालय, इस्पितळ किंवा विद्यापीठ शोधावं आणि त्याच्या मागच्या गल्लीत शिरावं.

मग पदार्थ मोजा. शंभर पदार्थांची यादी असलेल्या दुकानापेक्षा एकच पदार्थ करणारं दुकान बरं. काचेमागे उकडलेल्या कोंबड्या टांगलेल्या असतील तर तिथे खाओ मान काई मिळणार: कोंबडीच्या रश्श्यात शिजवलेला भात, वर कोंबडीचे तुकडे, बाजूला आल्या-मिरचीची चटणी. तिखट न सोसणाऱ्या घरच्या मंडळींसाठी याच्याइतकं बिनधोक दुसरं काही नाही.

आमची खरी शिफारस मात्र खाओ केंगच्या दुकानाची, म्हणजे रस्साभाताची. रस्त्याकडेच्या टेबलावर स्टीलचे ट्रे ओळीने मांडलेले असतात: हिरवा रस्सा, परतलेली पाणपालक, तळलेली मासळी, उकडलेली अंडी. मेन्यूकार्ड नसतं, भाषेचीही गरज पडत नाही. बाई ताटलीत भात वाढते, तुम्ही बोट दाखवायचं, ती पळीभर भातावर ओतते. दोन प्रकार घ्या, तिसऱ्याला थोडे जास्त पडतात. शेजारी कुणीतरी रस्सा घरी न्यायला थांबलेलं असतं. बाई तो प्लॅस्टिकच्या पिशवीत ओतते, पिशवीत हवा भरते आणि रबरबँडचे दोन-तीन वेढे असे मारते की थेंब बाहेर येत नाही. तुम्हीही असं पार्सल हॉटेलवर नेऊ शकता. वेळ मात्र पाळा: साडेअकरा ते एक. दोननंतर ट्रेच्या तळाशी उरलेलंच मिळतं.

फोनवरच्या नकाशात बघत असाल तर ताऱ्यांवर जाऊ नका, अभिप्राय कोणत्या लिपीत आहेत ते बघा. बहुतेक थाई लिपीत असतील तर दुकान वस्तीचं आहे. थाई लोक स्वतः ‘वोंगनाय’ हे ॲप वापरतात. वाचता आलं नाही तरी त्यातल्या फोटोंवरून अंदाज येतो. निवडक खाण्याच्या ठिकाणांची यादी काढणाऱ्या ‘मिशेलिन’ मार्गदर्शिकेची बँकॉकसाठीची पहिली यादी २०१७च्या अखेरीस आली, तेव्हापासून लहान दुकानांच्या भिंतींवरही तिची लाल पाटी दिसते. खाणं उत्तम असतं, रांग लांब असते, आणि ‘स्वस्त’ हा शब्द सगळीकडे लागू पडेलच असं नाही.

कुठे जाल

आमच्या ग्राहकांची हॉटेलं बहुधा प्रतुनाम भागात असतात. तिथून फेचबुरी रस्त्याने स्कायट्रेनच्या (उंचावरच्या रेल्वेच्या) राचथेवी स्टेशनकडे पंधरा-वीस मिनिटं चाललात की सोई ५ लागते. सोई म्हणजे मोठ्या रस्त्याला फुटलेली गल्ली. तिथे खाण्याच्या गाड्या आणि छोटी दुकानं ओळीने आहेत. जवळच सोई ७मध्ये मशीद आहे, म्हणून तिथलं खाणं हलाल. डुकराचं मांस नको असणाऱ्यांची तिथे सोय होते, गोमांस मात्र विचारून घ्या.

राचथेवीहून दोन स्टेशनांवर व्हिक्टरी मॉन्युमेंट. इथले ‘बोट नूडल्स’ प्रसिद्ध आहेत; पूर्वी ते कालव्यांतल्या होड्यांतून विकत. वाडगा चार घासांचा, म्हणून लोक एकावर एक वाडगे रचतात आणि शेवटी मोजून पैसे देतात. पण त्या रश्श्याला दाटपणा येतो तो बहुतेक वेळा डुकराच्या किंवा गाईच्या रक्ताने. खाण्याआधी हे माहीत असलेलं बरं.

ग्रँड पॅलेस बघून झाल्यावर त्या परिसरात जेवू नका. ता चांग किंवा ता फ्रा चान धक्क्यावरून फेरीबोट पकडा, थोड्याशा बाटमध्ये नदीपलीकडे वांग लांग बाजारात पोचाल. शेजारीच सिरिराज हे मोठं इस्पितळ. डॉक्टर, नर्सेस, रुग्णांचे नातेवाईक सगळे तिथेच जेवतात. दुपारी जा, संध्याकाळी बाजार आवरायला लागतो. नांग लोएंगचा जुना बाजारही दुपारचाच, तोही सोमवार ते शुक्रवार. रात्रीसाठी तलात फ्लू हा भाग बरा.

पहिल्याच दिवशी गल्लीत शिरायचं धाडस होत नसेल तर असोकच्या ‘टर्मिनल २१’ मॉलमधलं ‘पिअर २१’ फूडकोर्ट गाठा. वातानुकूलित आहे, कार्डात पैसे भरून घ्यायचे, आणि मॉल असूनही दर गल्लीच्या जवळपासचे. विमानतळावर अडकलात तर सुवर्णभूमीच्या तळमजल्यावर कर्मचाऱ्यांच्या गर्दीचं फूडकोर्ट आहे. वरच्या मजल्यांवरचे भाव बघून मग खाली उतरलात तर जास्तच आवडेल.

शाकाहारी आणि जैन मंडळींसाठी

थोडं स्पष्ट लिहितो. थायलंडमध्ये मीठ म्हणून नाम प्ला, म्हणजे माशांचं पाणी वापरतात. नुसती भाजी मागितली तरी ते किंवा ऑइस्टर सॉस पडतोच. पपईच्या कोशिंबिरीत सुकी कोळंबी असते. ‘व्हेज’ म्हणून भागत नाही, ‘जे’ म्हणा. चिनी वळणाच्या या उपासाच्या जेवणात मांस, मासे, अंडी, दूध तर नाहीच, लसूण-कांदाही नसतो. दुकानावर पिवळी पताका आणि लाल अक्षरं असतात, लांबून ती इंग्रजी आकड्यांतल्या सतरासारखी दिसतात. जैन ग्राहकांनी बटाटा-मुळ्याचं मात्र विचारावं, ते ‘जे’मध्ये चालतं. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास नऊ दिवसांचा ‘जे’ सण असतो, तेव्हा चायनाटाउनमध्ये, म्हणजे याओवारात भागात, या पताकांचीच गर्दी. शाकाहारी असाल आणि तारखा हातात असतील तर त्या दिवसांचं आरक्षण करा.

गोमांसाबद्दल एक दिलासा: क्वान इम देवीला मानणारे अनेक थाई-चिनी लोक ते खात नाहीत, त्यामुळे कित्येक दुकानांत ते शिजतच नाही. तरी ‘माय आव नुआ’ (गोमांस नको) आणि ‘माय आव मू’ (डुकराचं नको) एवढं तोंडपाठ करा. तिखटाची ऐट आपल्याकडे असते, पण पहिल्या दिवशी ‘फेट नित नोय’, थोडंच तिखट, म्हणून बघा.

बारीकसारीक

वीस, पन्नास, शंभरच्या नोटा जवळ ठेवा. हजाराची नोट ‘सेव्हन-इलेव्हन’ नावाच्या दुकानात मोडून घ्या. फुटपाथवरच्या बऱ्याच गाड्या सोमवारी बंद असतात. मधोमध भोक असलेला नळीसारखा बर्फ कारखान्यातला असतो, तो चालतो. जेवण चमच्याने, काटा फक्त ढकलायला. टेबलावरच्या चार वाट्यांत साखर, मिरचीपूड, मिरचीचं व्हिनेगर आणि नाम प्ला असतं. शाकाहाऱ्यांनी चौथीला हात लावू नये.

तुमच्या कागदपत्रांच्या पाकिटात थाई लिपीतलं एक कार्ड मिळेल: काय खात नाही ते एका बाजूला, ‘रस्साभाताचं दुकान कुठे आहे?’ हे दुसऱ्या बाजूला. शाकाहारी, जैन, फक्त कोंबडी-मासे किंवा शेंगदाण्याची ॲलर्जी, जे असेल ते निघण्याच्या आठवडाभर आधी आमच्या कार्यालयात कळवा. प्रत्येकाचं कार्ड वेगळं छापावं लागतं.