घोड्याच्या पोटाचं मॉडेल : घेण्याआधी आणि वापरताना

आमचा कारखाना पेणचा. गणपतीच्या मूर्तींचे साचे काढता काढता आम्ही पशुवैद्यकीय महाविद्यालयांसाठी घोड्याची मॉडेलं करू लागलो. पाय, खूर, डोकं अशी सुटी मॉडेलंही करतो, पण या पत्रकात पोटाबद्दलच लिहिलं आहे. विद्यार्थ्याचा हात सगळ्यात जास्त तिथेच चुकतो.

पोटशुळाने घोडा लोळायला लागला की डॉक्टरला गुदद्वारातून हात घालून आतडी चाचपावी लागतात. आत काय आहे ते बोटांनीच ओळखायचं. पुस्तकातली आकृती सपाट असते, अवयव टिकवायच्या फॉर्मेलिन द्रावणातलं आतडं कडक झालेलं असतं. आमच्या मॉडेलमधली आतडी मऊ सिलिकॉनची आहेत आणि आपापल्या जागी टांगलेली आहेत. उजवीकडे सुमारे 1 मीटर लांबीचं आंधळं आतडं (एका टोकाला बंद असलेली मोठ्या आतड्याची पिशवी), डावीकडे प्लीहा आणि तिच्याजवळ डावं मूत्रपिंड. ओटीपोटापाशी, बहुधा डावीकडेच, मोठं आतडं एकदम उलटं वळतं आणि अरुंद होतं. कोरडा चारा तुंबतो तो बऱ्याचदा याच वळणावर. हे वळण रिकामं किंवा तुंबलेलं, दोन्ही तऱ्हांनी बसवता येतं. आधी रिकामं हाताच्या ओळखीचं होऊ द्या, मग एके दिवशी न सांगता तुंबलेलं बसवा.

वाळूने भरलेला भाग आम्ही मुद्दाम वेगळा केला. अलिबाग, काशीदच्या किनाऱ्यावर फेरीचे घोडे दिवसभर वाळूत उभे असतात. चारा वाळूवरच टाकला तर घासाबरोबर वाळू पोटात जाते आणि मोठ्या आतड्यात साचत राहते. लीद पाण्यात कालवून ठेवली की वाळू तळाशी बसते. हा प्रयोगही याच तासाला करून दाखवावा.

मॉडेलला हात लावतानाही नखं कापलेली, अंगठी काढलेली, हातमोजा आणि भरपूर जेल हवं. बोटं शंकूसारखी जुळवलेली हवीत. जिवंत घोड्याचं आतडं हाताभोवती आवळतं. त्या वेळी हात रेटला तर गुदाशय फाटू शकतो आणि घोडा दगावू शकतो. आमचं मॉडेल आवळत नाही, ही त्याची मोठी उणीव. म्हणून शिक्षकांनी मधेच "आवळलं!" म्हणावं आणि विद्यार्थ्याने तिथल्या तिथे हात सैल सोडून थांबावं. ही सवय लागल्यावरच, शिक्षक शेजारी असताना, खऱ्या घोड्याकडे न्यावं.

जेल पाण्याने धुतलं जाणारंच घ्या. सिलिकॉन तेलाने सिलिकॉन फुगतं. पावसाळ्यात धुऊन, पुसून, पूर्ण सुकवूनच झाका, नाहीतर बुरशी धरते. खाऱ्या हवेत लोखंड टिकत नाही, म्हणून स्टँड स्टेनलेस स्टीलचा दिला आहे. एखादं आतडं फाटलं तर तेवढंच कळवा. साचे आमच्याकडे जपून ठेवलेले असतात, त्यातून नवं ओतून देऊ.